झोपेत दात खाणं: मोठ्या माणसांचे नेहमीचे प्रश्न

गेली एकोणीस वर्षं मी दातांचा दवाखाना चालवते. खुर्चीत बसलेल्या पेशंटनी, आणि त्याहून जास्त त्यांच्याबरोबर आलेल्या नवऱ्याने, बायकोने, आईने या विषयावर जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. लहान मुलांचं दात खाणं हा वेगळा विषय आहे, त्यात मी इथे शिरणार नाही.

एक विनंती आधीच करते. ‘टेन्शनमुळे होतं’ एवढ्यावर हा विषय मिटवू नका. ते उत्तर सगळ्यांना पटतं, त्यामुळे पुढे कोणी काही विचारतच नाही. मग रात्रीचं घोरणं, घशाशी येणारं पित्त, चालू असलेल्या गोळ्या, यांपैकी जे तपासायला हवं होतं ते तसंच राहून जातं.

झोपेत दात खाणं म्हणजे नेमकं काय? हा आजार आहे का?

झोपेत जबड्याचे स्नायू आपोआप आवळले जातात. कधी खालचे दात वरच्या दातांवर घासतात आणि करकर असा आवाज येतो. कधी दात नुसतेच गच्च आवळले जातात आणि आवाज अजिबात येत नाही. हा मुका प्रकार वर्षानुवर्षं कोणाच्याच लक्षात येत नाही. डॉक्टर याला ‘स्लीप ब्रक्सिझम’ म्हणतात.

आजार म्हणाल, तर २०१८ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन जी व्याख्या मांडली, तिच्यात एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत याला आजार म्हटलेलं नाही. झोपेत होणारी स्नायूंची एक हालचाल, एवढंच म्हटलं आहे. काहींना तिचा काहीच त्रास होत नाही. काहींच्या दाढा फुटतात. आणि काहींच्या बाबतीत ती दुसऱ्याच कुठल्या तरी त्रासाची खूण असते. माझ्या दृष्टीने या तिसऱ्या गटाला शोधून काढणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

जोर किती लागतो याचा अंदाज यावा म्हणून सांगते. दिवसभरातलं जेवण, गिळणं सगळं धरलं तरी निरोगी माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना जेमतेम १५-२० मिनिटं टेकतात. एरवी ओठ मिटलेले असले तरी दात सुटे असतात. २००१ साली जपानमध्ये दहा जणांच्या झोपेतल्या चाव्याचा जोर मोजला गेला. सरासरी साडेबावीस किलो भरला, आणि एकाचा तर ८१ किलोपर्यंत गेला. जागेपणी दुखायला लागलं की आपण चावणं थांबवतो. झोपेत ते भान राहत नाही.

मला स्वतःला काहीच जाणवत नाही. बायको म्हणते म्हणून खरं मानायचं का?

माना. शेजारी झोपणारं माणूस हा या बाबतीतला सगळ्यात चांगला साक्षीदार असतो. पण ज्यांच्या शेजारी कोणी झोपत नाही, किंवा जे नुसतेच दात आवळतात, त्यांनी सकाळी उठल्या उठल्या काही गोष्टी बघाव्यात.

जबडा जड किंवा आंबल्यासारखा वाटतो का? जांभई देताना तोंड पूर्ण उघडतं का? कानशिलांत ठसठसतं का, आणि ते तासाभरात आपोआप कमी होतं का? मग आरशासमोर उभं राहून जीभ बाहेर काढा. तिच्या कडांवर दातांचे ठसे, शंकरपाळीच्या कडेसारखी नक्षी दिसते का? गालाच्या आतल्या बाजूला, दात जिथे मिळतात त्या उंचीवर, आडवी पांढरी रेघ दिसते का? आता दोन्ही हातांची बोटं कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली टणक फुगवटा येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. तो दाबल्यावर दुखत असेल किंवा अलीकडे चेहरा चौकोनी दिसायला लागला असेल, तर डेंटिस्टला दाखवा.

यातली एखादी खूण सापडली म्हणजे लगेच शिक्कामोर्तब झालं असं समजू नका. पेशंटच्या किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून ‘शक्यता आहे’ म्हणता येतं. तपासणीतही खुणा मिळाल्या तर ‘बहुधा आहे’ म्हणतात. ‘नक्की आहे’ म्हणायला रात्रभर स्नायूंची हालचाल यंत्रावर नोंदवावी लागते. तेवढी तपासणी प्रत्येकाला लागत नाही.

कानात दुखतं म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले बरेच जण माझ्याकडे येतात. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो, त्यामुळे दुखणं कानातलंच वाटतं.

किती जणांना असतं?

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात वारंवार दात खाणाऱ्या प्रौढांचं प्रमाण साधारण १२.८ टक्के निघालं. पुरुष आणि बायकांमध्ये फारसा फरक नाही. वय वाढतं तसं प्रमाण उतरत जातं.

झोपेत हे सुरू कसं होतं? दातांत काहीतरी अडकल्यासारखं होतं का?

सुरुवात दातांपासून होतच नाही. हे मी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला समजावून सांगते, कारण आवाज दातांचा येतो आणि दोषही दातांवरच येतो.

झोप रात्रभर सारखी नसते. मेंदू अधूनमधून काही सेकंदांपुरता वर येतो, जागेपणाच्या जवळ जातो आणि पुन्हा खाली जातो. सकाळी आपल्याला यातलं काहीच आठवत नाही. दात खाण्याचे बहुतेक झटके हलक्या झोपेत, अशाच क्षणांना येतात. प्रयोगशाळेतल्या नोंदींमध्ये त्यांचा ठरलेला क्रम दिसला आहे. काही मिनिटं आधी हृदयाशी जोडलेल्या मज्जासंस्थेची हालचाल वाढते. साधारण चार सेकंद आधी मेंदूच्या लहरी बदलतात. मग नाडी जलद होते, हनुवटीखालचे स्नायू हलतात, आणि त्यानंतर चावण्याचे स्नायू आवळायला लागतात. साधारण सेकंदाला एक असा त्यांचा ठेका असतो. शेवटी बऱ्याचदा माणूस आवंढा गिळतो.

म्हणजे दातावर दात घासेपर्यंत शरीरात बरंच काही होऊन गेलेलं असतं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांना जबड्याची ही ठेक्यातली हालचाल दात न खाणाऱ्या निरोगी माणसांपैकीही जवळजवळ ६० टक्क्यांत दिसली होती. दात खाणाऱ्यांत ती जास्त वेळा येते आणि जोरकस असते. म्हणून ‘दात का खातो?’ असं विचारण्याऐवजी मी ‘याची झोप इतक्या वेळा का चाळवते?’ असं विचारते. पुढची बरीच उत्तरं या प्रश्नाभोवती फिरतात.

टेन्शनमुळेच होतं ना?

थोडं खरं, पण लोक समजतात तेवढं नाही.

२००१ साली ब्रिटन, जर्मनी आणि इटलीमधल्या १३,०५७ लोकांच्या फोनवरून मुलाखती घेऊन एक मोठा अभ्यास झाला. ज्यांनी आयुष्यात खूप ताण असल्याचं सांगितलं किंवा ज्यांना चिंतेचा विकार होता, त्यांच्यात झोपेत दात खाण्याची शक्यता साधारण १.३ पट निघाली. झोपेत श्वास अडकणाऱ्यांत आणि भरपूर दारू पिणाऱ्यांत ती १.८ पट होती, मोठ्याने घोरणाऱ्यांत १.४ पट. म्हणजे ताण यादीत आहे, पण सगळ्यात वर नाही.

आणखी एक अडचण आहे. जिथे लोकांना विचारून नोंद केली तिथे ताणाशी संबंध दिसतो. जिथे रात्री यंत्र लावून स्नायूंची हालचाल मोजली तिथे तो बऱ्याचदा फिका पडतो. ज्याला सांगितलं गेलंय की ‘टेन्शनमुळे दात खातोस’, तो विचारल्यावर दोन्हींना हो म्हणणारच. दिवसा दात आवळून बसण्याचा ताणाशी संबंध मात्र जास्त पक्का आहे.

आपल्या भाषेनेही इथे घोळ घातला आहे. ‘दातओठ खाणं’ म्हणजे राग गिळून धुसफुसणं. त्यामुळे रात्री दात खाणारा माणूस मनात काहीतरी धरून ठेवणारा, आतल्या गाठीचा, असं घरच्यांना वाटतं. एका सुनेला सासरी वर्षभर हेच ऐकून घ्यावं लागलं होतं. माझ्यासमोर तिने हळू आवाजात विचारलं, “मॅडम, मी खरंच इतकी रागीट आहे का?” तिला तसं काही नव्हतं. तिला रोज रात्री घशाशी जळजळ व्हायची. झोपेतल्या दात खाण्यावरून कोणाचा स्वभाव ठरवू नका, फार अन्याय होतो तो.

घरात म्हणतात जंत झालेत. औषध घेऊ का?

मोठ्या माणसाने केवळ दात खातो म्हणून जंताची गोळी घेण्यात अर्थ नाही. लहान मुलांच्या बाबतीत ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण तिथेही तिला भक्कम पुरावा नाही. जंतांची इतर लक्षणं असतील तर तपासून घ्या, ते स्वतंत्रपणे करा.

माझे दात वाकडे आहेत, चावा नीट बसत नाही. तारा लावल्या तर थांबेल का?

नाही, त्या आशेवर तारा लावू नका.

एके काळी आम्हा डेंटिस्ट लोकांचा असाच समज होता. एखादा दात किंवा भरलेलं सिमेंट जरा उंच राहिलं की जबडा त्याला घासून काढायला बघतो, अशी ती कल्पना. १९६१ साली रॅमफियोर्ड यांच्या संशोधनानंतर ती फार पसरली आणि उंचवटे घासून चावा ‘बसवून देणं’ हा सर्रास उपचार झाला. पुढे झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये मोजमाप सुरू झाल्यावर ती टिकली नाही. आज बहुतेक संशोधक मानतात की याची सूत्रं मेंदूकडून हलतात, दातांकडून नाही.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मीही काही पेशंटचे दात असे घासले. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. त्यांचं रात्रीचं दात खाणं थांबलं नाही आणि घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, परत येत नाही, याची मला आजही खंत आहे. म्हणून सांगते: केवळ दात खाणं थांबावं म्हणून कोणी चांगले दात घासायला निघालं, तर दुसऱ्या डेंटिस्टचं मत घ्या.

हे खूप घोरतात आणि दातही खातात. दोन्हींचा संबंध आहे का?

असू शकतो, आणि हा प्रश्न मी कधीच सोडत नाही.

गेल्या पावसाळ्यात पन्नाशीतले एक गृहस्थ आले. खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी माझ्या ट्रेमध्ये उघडली. आत खालच्या दाढेचा अर्धा तुकडा होता, उभा चिरल्यासारखा. “आमटी-भात खात होतो हो, खडा पण नव्हता,” ते म्हणाले. दाढेला कीड नव्हती. समोरचे पटाशीचे दात झिजून सपाट झालेले, सुळ्यांची टोकं गेलेली. त्यांना स्वतःला काहीच सांगता येईना, म्हणून मी बाहेर बसलेल्या त्यांच्या पत्नीला आत बोलावलं. त्यांनी एका दमात सांगितलं: “अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा आवाज येतो. पण त्याच्या आधी हे घोरता घोरता एकदम गप्प होतात. मी मोजत असते. मग जोरात श्वास घेतात, आणि लगेच तो आवाज.”

त्यांना मी छातीच्या डॉक्टरांकडे स्लीप स्टडीसाठी पाठवलं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला, बऱ्यापैकी पुढे गेलेला. आता ते रात्री श्वासवाट उघडी ठेवणारं मशीन लावून झोपतात. दात खाणं पूर्ण थांबलेलं नाही, पण वहिनी म्हणाल्या की आता महिन्यातून कधीतरी ऐकू येतं.

सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असं मी म्हणणार नाही. श्वास अडकला की झोप चाळवते आणि चाळवलेल्या झोपेत जबडा आवळला जातो, हा एक दुवा. जबडा पुढे येऊन बंद झालेली श्वासवाट उघडण्याचा हा शरीराचा प्रयत्न असावा, असंही काहींना वाटतं, पण ते सिद्ध झालेलं नाही. संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. दात खाणाऱ्या प्रत्येकाला श्वासाचा आजार नसतो आणि श्वासाचा आजार असलेला प्रत्येक जण दात खात नाही. पण श्वासाचा आजार अंगावर काढला तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, गाडी चालवताना डुलकी लागते. दातांच्या निमित्ताने तो सापडत असेल तर ती संधी घालवायची कशाला?

दिवसा पेंग येणं, सकाळी उठल्यावर तोंड कोरडं आणि डोकं जड, गळ्याचा घेर वाढलेला, गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नाही, अशी लक्षणं घोरण्याबरोबर असतील तर आधी झोपेची तपासणी करा, दातांचं नंतर बघू.

ॲसिडिटीचा दातांशी काय संबंध?

मलाही पूर्वी हा संबंध लांबचा वाटायचा. पण प्रौढांमधल्या कारणांचा २०१७ साली जो आढावा निघाला, त्यात तीन गोष्टी सगळ्यात ठळक होत्या: लहानपणापासूनची दात खाण्याची सवय, पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येणं, आणि आनुवंशिक घडण.

जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी याची थेट परीक्षा घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी निरोगी माणसं झोपलेली असताना त्यांच्या अन्ननलिकेत बारीक नळीतून सौम्य आम्ल सोडलं. आम्ल सोडल्यावर जबड्याची ठेक्यातली हालचाल वाढली. म्हणजे इथे दोन गोष्टी नुसत्या सोबत आढळल्या असं नाही, एकीने दुसरी घडवून आणलेली दिसली. अंदाज असा आहे की आम्ल वर आलं की झोप चाळवते, जबडा हलतो, लाळ सुटते आणि ती गिळली की आम्ल धुऊन निघतं.

आपल्याकडे रात्री दहाला जेवण आणि साडेदहाला अंथरूण हा किती घरांचा क्रम आहे बघा. त्यात तिखट रस्सा, वर ताटभर भात, मग आडवं पडून मोबाइल. घशाशी आंबट येणं, छातीत जळजळ, सकाळी घसा खवखवणं, कारण नसताना कोरडा खोकला, यांतलं काही असेल तर तीन गोष्टी करून बघा: झोपण्याच्या तीन तास आधी जेवण उरका, डाव्या कुशीवर झोपा, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली वीट किंवा लाकडी ठोकळा ठेवा. नुसत्या दोन उशा घेऊ नका, त्याने पोट दुमडतं. फरक पडला नाही तर फिजिशियनना भेटा. मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खात राहू नका.

आम्लाने दातांचं दुहेरी नुकसान होतं. इनॅमल मऊ पडतं आणि त्याच मऊ इनॅमलवर रात्री घासणं चालू राहतं. वरच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत झिजलेली दिसली की मी पहिल्यांदा पित्ताबद्दलच विचारते.

दारू, सिगारेट, चहा यांनी फरक पडतो का?

पडतो. २०१६ साली याच विषयावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. दारू पिणाऱ्यांत शक्यता साधारण दुप्पट, धूम्रपान करणाऱ्यांत दुपटीहून जास्त, आणि दिवसाला आठ कपांहून जास्त कॉफी पिणाऱ्यांत दीडपट आढळली. दोन वेळच्या चहाने घाबरून जायचं कारण नाही. पण ऑफिसात दिवसभर ‘कटिंग’ चालू असेल आणि शेवटचा कप रात्री नऊला होत असेल, तर तो शेवटचा बंद करून बघा.

दारूबद्दल एक गैरसमज फार आहे: “दोन पेग घेतले की शांत झोप लागते.” झोप लवकर लागते हे खरं. पण दारूचा अंमल उतरायला लागला की मध्यरात्रीनंतरची झोप तुटक होते आणि घशाचे स्नायू सैल पडून घोरणंही वाढतं. ज्या रात्री पार्टी असते त्या रात्री आवाज जास्त येतो, हे मला अनेक बायकांनी स्वतःहून सांगितलं आहे.

निकोटिन मेंदूला उत्तेजित करतं. अभ्यास मुख्यतः सिगारेटवर झाले आहेत, पण झोपताना गालात तंबाखूची चिमूट धरणाऱ्यांना किंवा रात्री मशेरी लावून झोपणाऱ्या बायकांना निकोटिन मिळतंच. ते सोडण्याची आणखी शंभर कारणं आहेत. तोंडाचा कॅन्सर त्यातलं पहिलं.

मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दात खायला लागलो. योगायोग आहे का?

कदाचित नाही. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांसारख्या नैराश्यावरच्या औषधांनी काहींना दात आवळण्याचा किंवा खाण्याचा त्रास सुरू होतो. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत जबडा दुखायला लागला असेल तर ही शक्यता आवर्जून तपासावी. एकाग्रतेच्या विकारावर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट आणि पार्ट्यांमधली एक्स्टसीसारखी नशा यांचाही संबंध नोंदलेला आहे.

कृपा करून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. नैराश्यावरची औषधं अचानक थांबवली तर मूळ आजार उलटू शकतो, आणि ते तुटलेल्या दाढेपेक्षा कितीतरी गंभीर आहे. मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून एवढंच सांगा: “डॉक्टर, गोळी सुरू झाल्यापासून रात्री दात खातोय.” डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा जोडीला दुसरं औषध देणं, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. आणि डेंटिस्टला सांगताना लाजू नका. मानसोपचाराच्या गोळ्या लोक आमच्यापासून लपवतात आणि मग आम्ही चुकीच्या दिशेने शोधत बसतो.

माझे वडील दात खायचे, मीही खातो. मुलात येईल का?

घराण्यात चालत येताना दिसतं. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक निघाला. येईलच असं नाही, आणि आला तरी त्रास होईलच असंही नाही.

मी दिवसा कॉम्प्युटरवर काम करताना दात आवळतो. हे तेच का?

स्नायू तेच, पण गोष्ट वेगळी. दिवसाचं आवळणं जागेपणातलं असतं, म्हणून त्यावर सवयीने ताबा मिळवता येतो. ताणाचा वाटा इथे खरा मोठा आहे. मॉनिटरच्या कोपऱ्यावर एक रंगीत ठिपका चिकटवा. नजर तिकडे गेली की बघा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला सैल टेकलेली. पंधरा दिवस करा. कानशिलं किती हलकी होतात ते तुम्हालाच कळेल.

दात झिजलेत. म्हणजे मी नक्की दात खातो का?

झीज म्हणजे आयुष्यभराचा हिशेब असतो. आज रात्री काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. दहा वर्षांपूर्वी दात खाणं थांबलेल्या माणसाचेही दात झिजलेलेच दिसतात. शिवाय आपल्याकडे झिजेची दुसरी कारणं भरपूर आहेत. रोज सुपारी चघळणाऱ्यांच्या दाढा वरून सपाट होतात आणि गालाचे स्नायूही भरतात. मशेरी किंवा राखुंडी बोटाने जोरात घासणाऱ्यांच्या दातांना बाहेरून खाचा पडतात. रोज लिंबूपाणी, चिंच किंवा कोल्ड्रिंक असेल तर आम्लाची झीज होते. म्हणून फक्त दात बघून शिक्का मारणं बरोबर नाही.

नाइट गार्ड लावला की दात खाणं थांबतं का?

थांबत नाही. नाइट गार्ड म्हणजे रात्री झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, त्याने दात वाचतात. काहींच्या स्नायूंची हालचाल पहिले काही आठवडे कमी होते, मग बहुतेकदा पूर्ववत होते. दुचाकीच्या हेल्मेटने अपघात टळत नाही, डोकं वाचतं, तसं हे समजा. पण हेल्मेट घालायचं, तसा गार्डही घालायचा. रूट कॅनॉल करून कॅप न घातलेली दाढ असेल, मोठी फिलिंग असतील, इम्प्लांट असेल, तर मी आग्रह धरते.

गार्ड दातांचं माप घेऊन कडक ॲक्रिलिकचा बनवून घ्या. ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे रबरी गार्ड काहींना उलट चघळायला उद्युक्त करतात, आणि अर्धेच दात झाकणारा गार्ड महिनोन्‌महिने वापरला तर दात सरकतात.

एक धोका ठळकपणे सांगते. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर वरच्या दातांचा साधा गार्ड तो वाढवू शकतो. २००४ साली अशा दहा पेशंटवर केलेल्या अभ्यासात निम्म्यांमध्ये श्वास अडकण्याचं प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त वाढलं होतं. म्हणून घोरण्याबद्दल विचारल्याशिवाय कोणी गार्डचं माप घेत असेल तर तुम्ही स्वतःहून सांगा.

बोटॉक्स? मॅग्नेशियमच्या गोळ्या?

बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायूचा जोर कमी होतो, झटक्यांची संख्या साधारण तेवढीच राहते. काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. खूप दुखणाऱ्या, गार्ड सतत तोडणाऱ्या मोजक्या पेशंटसाठी ते उपयोगी आहे, पहिला उपाय म्हणून नाही. मॅग्नेशियमने दात खाणं थांबतं असा भरवशाचा पुरावा नाही. झोपेच्या गोळ्या तर या कारणासाठी मागूच नका.

आईचं वय ७० आहे. आधी कधी नव्हतं, आता अचानक दात खायला लागली.

याकडे दुर्लक्ष करू नका. या वयात दात खाणं नव्याने सुरू होणं नेहमीचं नाही. नवीन औषध सुरू झालंय का ते पाहा. दिवसा जागेपणीही तोंड, जीभ किंवा जबडा आपोआप हलत राहतो का? झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, पलंगावरून पडणं असं काही होतं का? हात थरथरतात का, चाल मंदावली आहे का? यातलं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा.

मग आधी कोणाकडे जाऊ, आणि काय घेऊन जाऊ?

डेंटिस्टपासून सुरुवात करा, पण तिथेच थांबाल असं धरू नका. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, आयुर्वेदिक आणि झोपेच्यासुद्धा. आठवडाभर कागदावर लिहा: रात्री किती वाजता जेवलात, शेवटचा चहा कधी झाला, दारू घेतली का, सकाळी जबडा कसा होता. दोन-तीन रात्री उशाशी मोबाइल ठेवून आवाज रेकॉर्ड करा. घोरणं आणि करकर, दोन्ही त्यात येतं आणि कशानंतर काय होतं तेही ऐकू येतं. तुटलेला तुकडा असेल तर तोही आणा.

आणि जमलं तर शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन या. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत आणा.